वृद्धसेवेची विद्या

1948 पर्यंत धार व देवास ही पवारांची संस्थाने होती. देवासास तर थोरली व धाकटी अशा दोन पात्या. संस्थाने विलीन झाली, तरी थोरल्यांचा भार धाकट्यांनी वाहावा हा धर्म विलीन झाला नाही. परंतु मुले पोटापाण्यासाठी दूर गेली, की येथील पुष्कळ मराठी घरांत वृद्धच उरतात.

2007 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रम काढण्याची तरतूद केली. तथापि भिंती उभारल्या म्हणजे सेवा घडली असे नव्हे. अंथरुणास खिळलेल्यास वरचेवर कूस पालटून द्यावी लागते. नाही तर शय्याव्रण होतात. हे नुसत्या भक्तीने कळत नाही, शिकावे लागते. पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना 1909) रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली परिचारिकांचे शिक्षण याचसाठी हाती घेतले.

आश्रमाच्या प्रमुखाने आज्ञा करण्याआधी मलपात्र स्वतः उचलावे. रात्र जागणाऱ्या सेविकेस विश्रांती व वेतन वेळेवर द्यावे, आणि तिचे म्हणणे ऐकावे. रोग्याची व्यथा प्रथम तिलाच कळते.

देव दारी आला, तरी पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत. विटेवरील त्या देवाच्या भक्तांनी सेवेची विद्याही संपादावी, हीच प्रार्थना.