आपल्या गल्लीची बातमी, आपल्या पत्त्यावर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी आणि जमलेल्या बंगळूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

'बंगळूरकर' हा शब्द मी मुद्दाम वापरला. एरवी आपण 'मूळचे सांगलीचे', 'मूळचे नागपूरचे' अशी ओळख करून देतो. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे होते काय, की खडकवासल्यात किती पाणी साठले हे आपल्याला सकाळच्या चहाबरोबर कळते आणि आपल्या गल्लीत आज कावेरीचे पाणी येणार नाही हे नळ कोरडा पडल्यावर! गावाकडची बातमी धावत येते, घराशेजारची मात्र रस्ता चुकते. ही दुसरी बातमी वेळेवर घरी कशी आणावी, एवढाच आजचा माझा विषय आहे.

बातमी न कळल्याने बिघडते काय? दोन उदाहरणे देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरात पाण्याची भीषण टंचाई झाली. मार्च महिन्यात जल मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास आणि बागेला वापरण्यास बंदी केली. दंड होता पाच हजार रुपये. ज्याला हे कळले नाही, त्याची बादलीभर पाण्याची हौस केवढ्याला पडली असती, याचा हिशेब आपणच करा.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. इथल्या महानगरपालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली आणि त्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पुढची पाच वर्षे वॉर्डात आपले म्हणणे मांडायला निवडून आलेला माणूसच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका पालिकेच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच पालिका आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस नव्या वॉर्डांचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि हरकती घ्यायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. आपला रस्ता कोणत्या वॉर्डात जावा, हे सांगायची ती वेळ होती. अशी दारे उघडतात आणि मिटतात. बातमी ज्याच्याकडे वेळेवर पोचते, तोच आत जातो.

मग आपल्याकडे का पोचत नाही? पहिले कारण भाषेचे. गल्लीबोळातली बातमी सविस्तर येते ती कन्नड वृत्तपत्रांत. भाजी घेण्यापुरते आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरते कन्नड आपल्यापैकी बहुतेकांना येते, वाचता मात्र थोड्यांनाच येते. दुसरे कारण शहराच्या आकाराचे. इंग्रजी वृत्तपत्राच्या दोन-चार पानांत व्हाइटफील्डपासून केंगेरीपर्यंत सगळे शहर बसवायचे, तर आपल्या चौकाला जागा कुठून मिळणार? व्हॉट्सॲपवर बातम्या भरपूर येतात, पण त्यातली खरी कुठली आणि तीन वर्षांपूर्वीची कुठली, हे ओळखण्यातच अर्धा दिवस जातो.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय म्हणजे आपल्यापुरते तयार करून घेतलेले ई-मेल बातमीपत्र. यासाठी अनेक सोयी आहेत. त्यांतली सोपी आणि फुकट सोय म्हणजे 'गूगल अलर्ट्स'. ती २००३ पासून चालू आहे. तिथे आपण शब्द नोंदवायचे. ते शब्द असलेला नवा मजकूर इंटरनेटवर सापडला, की त्याचे दुवे आपल्या ई-मेलवर येतात. लगेच, दिवसातून एकदा की आठवड्यातून एकदा, हे आपण ठरवायचे. सगळ्या शब्दांची मिळून एकच टपाल रोज ठरावीक वेळी यावी, अशीही व्यवस्था करता येते. माझी टपाल सकाळी येते आणि दहा मिनिटांत वाचून होते.

खरी मेख आहे ती शब्द निवडण्यात. समजा, तुम्ही इथल्या शिवाजीनगरात राहता आणि तेवढाच शब्द नोंदवला, तर पुण्याच्या शिवाजीनगरच्या बातम्यांचा पाऊस पडेल! म्हणून वस्तीच्या नावाबरोबर शहराचे नाव हवेच. त्यातही शहराचे इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले, तरी जुने अजून सर्रास वापरले जाते. मल्लेश्वरमचे स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी होते. अशा वेळी दोन्ही स्पेलिंगांच्या मध्ये 'ओआर' हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत घालावा, म्हणजे दोन्ही सापडतात. दोन शब्दांचे नाव असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावे. नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह द्यावे, म्हणजे पुणे आपोआप गाळले जाते. पुणेकरांनी रागावू नये, हे फक्त संगणकापुरते आहे!

शब्द शिळेही होतात. जुन्या पालिकेचे नाव नोंदवून निश्चिंत बसलेल्याला २०२५ नंतरची पाच पालिकांची बातमी अर्धीमुर्धीच मिळणार. म्हणून दिवाळीत घर झाडतो, तशी वर्षातून एकदा ही यादीही झाडावी.

आता कन्नडविषयी. आपल्या वस्तीचे नाव कन्नड लिपीत लिहून तेही नोंदवा. दुकानाच्या पाटीवरून उतरवून घ्या किंवा शेजारच्या मुलाकडून लिहून घ्या. दुवा उघडला, की यंत्राकडून भाषांतर मिळते. ते ओबडधोबड असते, पण पाणी कधी बंद आणि रस्ता कुठे खोदलेला, एवढे नक्की कळते. हळूहळू शब्द ओळखीचे होतात. 'नीरु' म्हणजे पाणी, हे सांगावे लागत नाही. 'सुद्दि' म्हणजे बातमी. आणि 'कस' म्हणजे कचरा, तेव्हा इथे कोणाला 'तुमच्यात कस आहे' असे म्हणण्यापूर्वी विचार करावा!

या सोयीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे मागितले तेवढेच मिळते. जयनगरच्या माणसाने फक्त जयनगर मागितले, तर जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी आग लागली, तशी घटना त्याच्या टपालीत येणारच नाही. शहर तर एकच आहे. त्याची हवा वॉर्डाची हद्द पाहून वाहत नाही. म्हणून माझा एक साधा नियम आहे. चार शब्द स्वतःसाठी नोंदवावेत आणि एक दुसऱ्यासाठी. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाई ज्या वस्तीत राहतात, तिचे नाव नोंदवा. एखाद्या दिवशी त्यांना उशीर का झाला, हे विचारण्याआधीच कळेल.

आणखी एक गोष्ट. बातमीपत्र ही केवळ अनुक्रमणिका आहे. नुसते मथळे वाचून मत बनवू नये. मूळ बातमी उघडावी, तारीख पाहावी, मगच पुढे पाठवावी. ती बातमी आणण्यासाठी कोणीतरी वार्ताहर उन्हात हिंडलेला असतो, संगणक नव्हे. तेव्हा एक स्थानिक वृत्तपत्र विकतही घ्यावे.

मराठी माणूस या शहरात काल आलेला नाही. शहाजीराजांची इथे जहागीर होती. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्यांनी इथल्या देवळाची काळजी वाहिली. आपण निदान इथल्या नळाची, रस्त्याची आणि मतदारयादीची खबर ठेवावी.

शेवटी मंडळाला एक विनंती. प्रत्येक वस्तीतल्या एका तरुणाने आपल्या भागाचे असे बातमीपत्र सुरू करावे आणि कामाच्या चार ओळी आठवड्याला मराठीत लिहून मंडळाच्या फलकावर लावाव्यात. पाणी कधी नाही, कर कधी भरायचा, हरकतीची शेवटची तारीख कोणती, एवढेच. आपल्यातले अनेक आजी-आजोबा ई-मेल पाहत नाहीत, पण आरतीला न चुकता येतात. त्यांच्यापर्यंतही या शहराची बातमी पोचली पाहिजे. ज्या तरुणांना हे जमवायचे असेल, त्यांनी प्रसाद घेतल्यावर मला भेटावे. शब्दांची पहिली यादी आपण आजच करू.

गणपती बाप्पा मोरया!