घोटा मुरगळतो तेव्हा



निर्मळ येथील श्रीशंकराचार्यांच्या मंदिरात कार्तिक वद्य एकादशीपासून जत्रा भरते. वसई परिसरातील आबालवृद्ध त्या वेळी टेकडीच्या पायऱ्या चढतात. चढता-उतरताना शरीराचा सारा भार ज्या लहानशा सांध्यावर येतो, तो घोटा होय. शाळेच्या पटांगणात लंगडी व खो-खो खेळणाऱ्या मुलांचा भारही तोच पेलतो आणि तेथेच तो वारंवार मुरगळतो. अशा वेळी डॉक्टर जवळ नसतो, शिक्षक असतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांत काय करावे आणि काय टाळावे, हे शिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

पाऊल बहुधा आतल्या बाजूस वळते व बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. सूज मोठी म्हणजे हाड मोडले, असे नव्हे. आणि सूज अल्प म्हणजे हाड शाबूत, असेही नव्हे. मग ओळखावे कसे?

कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही सोपे नियम प्रसिद्ध केले. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जी हाडांची उंचवटे असतात, त्यांच्या टोकावर व मागील कडेने वर ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने हळूच दाबून पाहावे. पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यभागी असलेला हाडाचा उंचवटा आणि आतील बाजूस घोट्याच्या पुढे असलेले हाड, हेही दाबून पाहावे. हाडावरच दुखत असेल, किंवा मुलास ४ पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. चालवून पाहणे सर्वांत शेवटी. हाडावर दुखत असल्यास ते मुळीच करू नये.

हे नियम डॉक्टरांसाठी आहेत. शिक्षकाने त्यांवरून निदान करू नये. मुलास दवाखान्यात केव्हा न्यावे, एवढाच निर्णय घ्यावा आणि शंका येताच न्यावे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो व तो अस्थिबंधाहूनही दुर्बल असतो. तेथील इजा दुर्लक्षिली गेल्यास पायाची वाढ वाकडी वा खुंटित होण्याचा धोका असतो. म्हणूनच मुरगळलेला पाय ओढून ‘बसविणे’ किंवा जोराने चोळणे सर्वथा वर्ज्य मानावे.

पाय वाकडा दिसत असेल, हाड उघडे पडले असेल, बोटे थंड वा बधिर झाली असतील, तर पाय आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्याचा आधार देऊन बांधावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एरवी पाय उंच ठेवावा व फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा.

दुखणे थांबले, की मूल खेळावयास उतावीळ होते. त्यापूर्वी भिंतीसमोर पाऊल सपाट ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीस टेकविण्यास सांगावे. पाऊल भिंतीपासून किती दूर ठेवता येते, हे दोन्ही पायांचे ताडून पाहावे. दुखरा पाय मागे पडत असेल, वा एका पायावर तोल राहत नसेल, तर घोटा अजून सज्ज झालेला नाही; तो पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक.

मुलाला ‘ऊठ, काही झाले नाही’ असे म्हणण्यापूर्वी शिक्षकाने त्याचा पाय एकदा नीट पाहावा. त्यास पाच मिनिटेही पुरतात. त्या मुलास मात्र तो पाय जन्मभर वापरावयाचा असतो.