टोपलीभर सुख

मोठ्या सुखांची नोंद सर्वत्र होते. विवाह, पदवी, बढती, नवे घर यांच्या पत्रिका निघतात, छायाचित्रे काढली जातात आणि चौकटीत बसून भिंतीवर जातात. परंतु धुऊन वाळलेल्या सदऱ्याला येणारा उन्हाचा वास, नव्या पुस्तकाचे पहिले पान उलटताना वाटणारी उत्सुकता, कोऱ्या वहीवर उमटलेली पहिली सुबक ओळ, यांची नोंद कोणी ठेवत नाही. ही सुखे इतकी लहान असतात की त्यांना सुख म्हणावयासही माणसाला संकोच वाटतो. फावल्या वेळची चैन म्हणून ती बाजूला सारली जातात. संकट आले की ती सर्वांत आधी सोडून द्यावयाची असतात, असाच सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेरच्या एका गावाकडे वळणे उपयोगाचे ठरेल.

छत्तीसगढची राजधानी रायपूर. त्या शहराचा गुढियारी हा भाग रेल्वे स्थानकाच्या पाठीमागच्या अंगाला वसलेला आहे. धान्याची आणि किराण्याची घाऊक बाजारपेठ म्हणून तो ओळखला जातो. तांदळाची पोती, मालमोटारी, हमालांच्या हाका आणि रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट यांनी भरलेल्या अशा वस्तीत रसिकतेचा शोध घ्यावयास सहसा कोणी जात नाही. तथापि रसिकता काही मुहूर्त पाहून किंवा मोहल्ला पाहून येत नाही. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवावे आणि सकाळी तो मीठ, कांदा व हिरवी मिरची यांच्या संगतीने खावा, अशी या मुलखातली जुनी न्याहारी आहे. तिला तेथे ‘बासी’ म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला ‘शिळे’ या शब्दात अपमान ऐकू येतो. छत्तीसगढी माणसाच्या ‘बासी’त अभिमान असतो. पाहुणा आरंभी नाक मुरडतो. वैशाखाचे ऊन डोक्यावर आले की त्याला त्या गार भाताचे मोल कळते. एकाच पदार्थाला दोन भाषांनी दोन चवी दिल्या आहेत, हे ध्यानात येणे हेही एक लहानसे सुखच होय.

या मुलखाशी मराठी भाषेचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले, आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपूर येथे राहून कारभार केला. पुढे इंग्रजी अमदानीत रायपूर हे मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ साली प्रांतरचना बदलली, २००० साली छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले. परंतु आलेली मराठी घरे तेथेच नांदली. त्या घरांत बोली मराठी राहिली आणि उंबऱ्याबाहेर हिंदी व छत्तीसगढी आली. अशा माणसाला प्रत्येक वस्तू दोनदा भेटते, एकदा या नावाने आणि एकदा त्या नावाने.

प्रथम पोशाखाचा विचार करू. छत्तीसगढचा कोसा प्रसिद्ध आहे. रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून हे रेशीम निघते. चांपा आणि रायगड येथील विणकरांचा त्यात हातखंडा आहे. विदर्भात भंडारा जिल्ह्यातही कोसा विणला जातो, म्हणून या वस्त्राला सीमेची अडचण कधी पडली नाही. कोशाचा रंग मधासारखा असतो आणि पोत किंचित खरखरीत. त्याला भपका ठाऊक नाही. पेटीत घडी घालून ठेवलेले असे एखादे उपरणे वा साडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते, आणि ते अंगावर घेणाऱ्याची चाल त्या दिवशी थोडी बदलते. हा बदल दुसऱ्या कोणाच्या लक्षात आला नाही तरी चालते. पोशाखाचे खरे सुख पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर फारसे अवलंबून नसते. आपण हे आपल्या आवडीने ल्यालो, या जाणिवेत ते असते.

ती जाणीव काढून घेतली तर काय उरते, हे याच मुलखातल्या एका लेखकाने दाखवून दिले आहे. विनोद कुमार शुक्ल यांचा जन्म १९३७ साली राजनांदगावला झाला आणि आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी रायपुरात काढली. त्यांची ‘नौकर की कमीज’ ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. आदर्श नोकराच्या अंगाला बसावा म्हणून साहेबाने एक सदरा शिवून घेतला आहे, आणि तो एका गरीब कारकुनाच्या अंगावर चढविला जातो. सदरा चांगला आहे, फाटका नाही, मळका नाही. तरीही तो अंगात घालताच माणसाचे माणूसपण आकसू लागते. स्वतः निवडलेल्या जुन्या सदऱ्यात जे सुख असते, ते लादलेल्या नव्या सदऱ्यात नसते. लहान सुखाचे मूळ वस्तूत नसून निवडीच्या स्वातंत्र्यात आहे, ही गोष्ट इतक्या साध्या वस्त्रातून फार थोड्यांनी सांगितली असेल.

हेच तत्त्व आणखी खोलवर पाहावयाचे तर शतकाहून अधिक मागे जावे लागते. माधवराव सप्रे हे नाव हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. ते मराठी घरातले होते, याचे स्मरण मराठी वाचकांना क्वचितच असते. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या आडगावी राहून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तीन मराठी नावे आणि मासिक हिंदीचे! ते तीन वर्षे चालले आणि पैशाच्या अडचणीने बंद पडले.

या मासिकात १९०१ साली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे आहे आणि शेजारी एका विधवेची झोपडी आड येते. कोर्टकचेरी करून तो ती झोपडी बळकावतो. म्हातारी शेजारी कोठेतरी राहू लागते. परंतु तिची लहान नात अन्न सोडते. आपल्या घरी जाऊन तेथे केलेली भाकरी मला दे, एवढाच तिचा हट्ट. तेव्हा म्हातारी जमीनदाराकडे येऊन झोपडीतली एक टोपली माती मागते. त्या मातीची चूल मांडली तर पोर जेवेल, ही तिची आशा. टोपली भरल्यावर ती उचलून देण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती उचलवत नाही. एका टोपलीचा हा भार, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, या तिच्या प्रश्नाने त्याचे डोळे उघडतात, आणि तो झोपडी परत करतो.

या कथेचा न्यायान्यायाच्या अंगाने पुष्कळ विचार झालेला आहे. परंतु त्या पोरीचा हट्टही ध्यानात घेण्यासारखा आहे. तिला वाडा नको होता, पक्वान्न नको होते. ओळखीच्या चुलीवरची भाकरी, एवढेच तिचे सुख होते, आणि ते गेल्याबरोबर तिचे जगणेच थांबले. लहान सुख म्हणजे जीवनाच्या ताटातली चटणी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना सप्रे यांनी येथे उत्तर देऊन ठेवले आहे. काही माणसांच्या ताटात तेच अन्न असते.

कथा लिहिणे निराळे आणि तिची सत्यता स्वतःच्या आयुष्यावर पारखून घेणे निराळे. सप्रे यांच्यावर तो प्रसंग लवकरच आला. १९०७ साली त्यांनी नागपुराहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचविणे हा त्याचा हेतू होता. १९०८ साली त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. टिळक मंडालेच्या तुरुंगात जात असताना आपण घरी परतलो, हे शल्य त्यांना सहन होईना. जनमताचा रोष होताच. त्याहून स्वतःच्या मनाचा रोष अधिक होता. सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले, वर्ध्याजवळ हनुमानगढी येथे रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात राहिले, आणि मधुकरी मागून त्यांनी दिवस काढले.

अशा वेळी माणसाजवळ काय उरते? पत्र गेले, लौकिक गेला, स्वतःविषयीचा विश्वास गेला. उरला तो एक ग्रंथ. परांजपे यांच्या सांगण्यावरून सप्रे दासबोध वाचू लागले. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येक दशकाचे दहा समास, असे एकूण दोनशे समास. रोज एक समास वाचणाऱ्याला तो दोनशे दिवस सोबत करतो, आणि संपला की पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडतो. सप्रे यांनी त्याची पारायणे केली. हे वाचन कोणासाठी नव्हते, कशासाठी नव्हते. मातृभाषेतल्या ओवीच्या परिचित लयीत रोज थोडा वेळ राहावयाचे, एवढेच. त्या पोरीला जशी स्वतःच्या घरच्या मातीची चूल, तशी सप्रे यांना ही ओवी.

विशेष हे की, त्याच काळात, १९०९ साली, मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचनाचे एक नवे वार्षिक सुख मराठी घरांना मिळाले. एकीकडे सणाचे वाचन, दुसरीकडे प्रायश्चित्ताचे. दोन्हींची जात मात्र एकच. दोन्ही वाचने माणसाला घराकडे नेतात. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांनी दिवाळी अंकाची वाट पाहिली ती कथा-कवितांपेक्षा या घराच्या ओढीनेच, असे म्हणावयास हरकत नाही.

वाचनातून लेखन निघाले. सप्रे यांनी दासबोध हिंदीत उतरविला. नंतर मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. ज्यांच्याबरोबर तुरुंगात राहता आले नाही, त्यांच्या तुरुंगातल्या शब्दांना त्यांनी आपला हात दिला. भाषांतर हे मोठे विनम्र काम आहे. त्यात टाळ्या नसतात. एका शब्दासाठी सकाळभर थांबावयाचे, दोन भाषांच्या तराजूत तो तोलावयाचा, आणि काटा मध्यावर आला की पुढच्या शब्दाकडे वळावयाचे. हे सुख बाहेरून दिसत नाही. परंतु मोडलेला माणूस त्यावर उभा राहू शकतो. सप्रे उभे राहिले. १९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले.

रायपूरच्या पश्चिमेस, नागपूरच्या रेल्वेमार्गावर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध प्राध्यापक म्हणून आले. त्यांचेही घर मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी. गजाननरावांनी लिहिले ते हिंदीत. संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात भरणारे महाविद्यालय, आजूबाजूला राणीसागर आणि बूढासागर हे तलाव, हातात विडी, समोर चहा आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा, एवढे त्यांचे ऐश्वर्य होते. १९६२ साली त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर सरकारने बंदी घातली, तेव्हाही त्यांची कविता थांबली नाही. १९६४ साली ते गेले, आणि त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या मागेच बाहेर पडला. छापील संग्रहाचे मोठे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही; लिहिण्याचे रोजचे सुख मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही. राजनांदगावात आपल्या पहिल्या कविता घेऊन येणाऱ्या एका संकोची तरुणाला त्यांनी उत्तेजन दिले. पुढे सदऱ्याची कादंबरी लिहिणारे विनोद कुमार शुक्ल ते हेच.

या तिघांच्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान सुखे आयती सापडत नाहीत. ती रोज करावी लागतात. एक समास रोज वाचला जातो तेव्हाच तो सोबत करतो. आजच्या घरात मनोरंजनाची साधने मुबलक आहेत आणि बोट फिरविताच शंभर दृश्ये समोर येतात. त्यांत वाईट काही नाही. परंतु ती दृश्ये आपणहून येतात, निवडून घेतलेली नसतात. म्हणून ती त्या साहेबाच्या सदऱ्यासारखी अंगाला बसली तरी मनाला बसत नाहीत.

गुढियारीसारख्या गजबजलेल्या वस्तीतल्या एखाद्या मराठी घरात दुकानाचे हिशेब संपल्यावर कोणी चार ओव्या मोठ्याने वाचतो, आणि नातवंडांना अडलेला शब्द हिंदीत समजावून देतो, तर त्या घरात भाषा जिवंत राहते. तिच्यासाठी वेगळी चळवळ उभारावी लागत नाही. माती टोपलीभरच लागते. चूल मात्र आपली आपण मांडावी लागते.