जोर तेवढाच, मग चेंडू पुढे का जात नाही?

आजचा विषय ऐकून लातूरचा माझा मित्र म्हणाला, "काय करायलास बे, नांदेडात बसून गोल्फ?" हसा. पण अडकलो होतो खरा.

झालं असं. मी लहानपणापासून टेनिस बॉल क्रिकेटवाला. पुण्याला नोकरीच्या निमित्ताने गेलो, तिथे एका रेंजवर पहिल्यांदा ड्रायव्हर हातात घेतला. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, टीवर ठेवलेला चेंडू दूर मारायची. जीव तोडून मारला. चेंडू आधी सरळ गेला, मग विमानासारखा वर चढला आणि तिथून दगडासारखा खाली. शेजारचे काका, वय साठीच्या पुढे, निवांत मारत होते आणि माझ्या पुढे टाकत होते. तिथल्या रडार मशीनने सांगितलं: स्पिन 4,300. म्हणजे मिनिटाला तेवढे उलटे फेरे. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हरचा स्पिन साधारण 2,600-2,700 असतो.

उलटा फेरा वाईट नाही हं. त्यानेच चेंडू हवेत तरंगतो. जास्त झाला की पुढे जायची ताकद वर चढण्यातच जाते.

आता हा स्पिन येतो कुठून? दोन कोन धरा. चेंडूला लागताना क्लबचा फेस किती वर बघतोय, आणि क्लब कोणत्या दिशेने येतोय. या दोघांतलं अंतर वाढलं की स्पिन वाढतो. माझा फेस 16 अंश वर, आणि क्लब 5 अंश खाली येत होता. अंतर 21. तोच क्लब 2 अंश वर जाताना लागला, तर अंतर 14 च.

मग मी काय केलं, मनगट वळवून चेंडू उचलायला लागलो. चूक! त्याने फेसही आणखी वर बघतो, अंतर तसंच राहतं. चेंडू उंच गेला, स्पिन हलला नाही.

खरा घोटाळा क्रिकेटचा होता. आपल्याला शिकवलंय, पाय पुढे, डोकं चेंडूवर. ड्रायव्हरला नेमकं उलटं. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी उंच, उजवा खांदा जरा खाली, डोकं चेंडूच्या मागे. (डावखुऱ्यांनी उलटं समजून घ्या.)

सराव कुठे करायचा? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. अशा भागात हिरवंगार गोल्फ मैदान मागायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण स्विंगला गवत लागत नाही. मित्राच्या शेतातलं जुनं शेडनेट दुहेरी करून सैल टांगलं. ताणून बांधू नका, पहिल्याच दिवशी चेंडू परत येऊन माझ्या नडगीवर बसला. फेसवर टाल्कम पावडर लावली. ठसे सगळे खालच्या कडेला. तिथे लागलं तरी स्पिन वाढतो, मधल्या भागाच्या थोडं वर लागलं की कमी होतो. मोबाईल बाजूला ठेवून स्लो मोशन घेतलं.

दोन महिन्यांनी पुन्हा तीच रेंज, तेच मशीन. क्लबचा वेग होता तेवढाच. स्पिन 2,900. चेंडू आधीपेक्षा 20 मीटर पुढे पडला.

काका म्हणाले, "वा." आणि पुढचाच चेंडू उजवीकडच्या झाडीत गेला. शेडनेटमध्ये ते वळण कधी दिसलंच नव्हतं. त्याचं पुढच्या भागात बोलू.