वसवसा : एक आजार आणि त्यावरील उपाय
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. परंतु निकालाच्या टक्केवारीवर मी आज बोलणार नाही. हुशार मूल एखाद्या आजाराने झिजत असते आणि आपण मात्र तो सद्गुण समजून त्याचे कौतुक करीत राहतो. अशा एका आजाराकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या घरांतून त्याला वसवसा म्हणतात. मराठीत मंत्रचळ हा जुना शब्द आहे. डॉक्टर मंडळी त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी म्हणतात. शंभरात एकदोघांना तो आयुष्यात केव्हातरी गाठतो, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयातच होते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. 2016 चा उन्हाळा आपणांस आठवत असेल. 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. इकडे खेड्यापाड्यांतून टँकरची वाट पाहत घागरी रांगेत उभ्या होत्या. अशा दिवसांत नववीतली एक मुलगी एका वुजूसाठी दोन बादल्या पाणी संपवीत असे. हात धुवावेत, कोपर कोरडे राहिले असे वाटावे, पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी! हातांची सालपटे निघालेली, नमाजची वेळ टळलेली. मग ती आईला विचारी, "अम्मी, वुजू हो गया ना?" आई म्हणे, "हो गया बेटा." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. वर्गातही तेच. उत्तर लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. पेपर निम्मा कोराच राहायचा. शेजारीपाजारी म्हणत, मुलगी मोठी दीनदार आहे. पाण्यावरून घरात रोज भांडण होऊ लागले, तेव्हा वडिलांनी तिचे नाव शाळेतून काढण्याचे ठरविले. त्याआधी चारसहा महिने तावीज-गंडे झालेच होते.

या मुलीला अस्वच्छतेचा तिटकारा होता असे म्हणणे पुरेसे नाही. तिला खात्री हवी होती, आणि ती खात्री तिचे मन तिला देईना. हा शंकेचा आजार आहे. शंका आली की जीव घाबरा होतो. धुतले, मोजले, तपासले किंवा कोणाला विचारले की घटकाभर बरे वाटते. ते बरे वाटणेच घातक! कारण पुढची शंका अधिक जोराने येते. कोणी कुलूप दहादा ओढून पाहतो, कोणी गॅसची शेगडी. शेजारच्या हिंदू घरात हेच दुखणे सोवळ्या-ओवळ्याच्या रूपाने दिसते. 2020 मध्ये कोरोनाने सर्वांनाच हात धुवायला लावले. त्यात निरोगी माणूस वीस सेकंदांनी थांबू शकत होता. रोग्याला तेच साधत नव्हते.

याहून अवघड प्रकार बाहेर दिसतच नाही. नमाजमध्ये, पवित्र गोष्टींविषयी, नको ते घाणेरडे विचार मनात घुसतात. तो बिचारा समजतो, आपले ईमान गेले. म्हणून तो कोणापाशी बोलत नाही. वास्तविक हदीसमध्ये असा प्रसंग आलेला आहे. उच्चारणेही जड वाटावे असे विचार मनात येतात, अशी तक्रार सहाब्यांनी केली, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी, तसे जड वाटणे हीच ईमानची खूण आहे, असा दिलासा दिला.

आपल्या शरीअतने शंकेला किती कमी जागा दिली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. वुजूत अवयव तीनदा धुण्यापलीकडे जाणे गैर मानले आहे. पैगंबरांचे वुजू एका मुद्दभर, म्हणजे आजच्या मापाने लिटरभर किंवा त्याहूनही कमी पाण्यात होई. नमाजमध्ये वुजू तुटल्याची नुसती शंका आली, तर आवाज किंवा वास असल्याखेरीज नमाज सोडू नये, अशी शिकवण आहे. शंकेने खात्री मोडत नाही, हा फिकहचा मोठा नियमच आहे. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर व मनाच्या आरोग्यावरील आपल्या ग्रंथात वसवशाला भय, क्रोध आणि दुःख यांच्यापासून वेगळे काढून त्याचे स्वतंत्र विवेचन केले. वसवसा असणाऱ्याने एकांत टाळावा, असेही त्यांनी सुचविले आहे.

उपचार आज दोन आहेत. पहिला, शंका आली तरी ती कृती करायची नाही, घाबरेपणा सोसायचा आणि तो आपोआप ओसरतो हे अनुभवायचे. व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये लंडनहून ही पद्धत मांडली. ती एकदम करायची नसते. सोप्या पायरीपासून, जाणकाराच्या देखरेखीखाली करायची असते. दुसरा उपचार औषधांचा. ही झोपेची औषधे नव्हेत, त्यांची नशा लागत नाही. मात्र गुण यायला दहाबारा आठवडेही लागतात, आणि दोन आठवड्यांत काही झाले नाही म्हणून गोळ्या फेकून देणारेच आपल्याकडे अधिक!

त्या मुलीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि पाणी कमी करण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. आधी एक बादली, मग अर्धी, मग बधना. सर्वांत कठीण काम आईकडे आले. "हो गया ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. मुलगी रडे, आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाई. महिनाभराने प्रश्न कमी झाले. मुलगी शाळेत राहिली. शंका आजही अधूनमधून येते, पण बधना दुसऱ्यांदा भरला जात नाही.

पालकांनो, दुवा अवश्य करा. परंतु दवाखान्याची वाट त्यासाठी अडवू नका. मुलाला हसू नका, मारू नका. शिक्षक बंधूंनी कोऱ्या पेपराला आळस म्हणण्यापूर्वी त्याच्या हातांकडे एकदा पाहावे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. मूल बोलायला धजत नसेल, तर आईबापांनीच फोन लावावा.