बाई, घरी असं झालंय

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आज मी हप्ता, कर्ज, वसुली यावर बोलणार नाही. ते आपण वहीत लिहितोच. आज बोलायचंय आपल्या लेकरांच्या मनाबद्दल. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

मी सातवीत होते. दिवाळी झाली आणि आई-बाबा ऊसतोडीला गेले. मी आजीजवळ राहिले. माझं अभ्यासात लक्ष लागेना, वह्या कोऱ्याच राहायच्या. एका सरांनी सगळ्यांसमोर 'आळशी' म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. मी आणखीच गप्प झाले.

आमच्या वर्गशिक्षिका बाईंच्या मात्र लक्षात आलं, की ही पोरगी खिचडीचं ताट तसंच ठेवते. त्या वर्गात काहीच बोलल्या नाहीत. शाळा सुटल्यावर जवळ बसवून विचारलं, "घरी कोण कोण असतं गं?" मी रडले. त्यांनी रडू दिलं. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडं दिलं. दर शनिवारी स्वतःच्या फोनवरून आईशी बोलायला द्यायच्या. आई काही लवकर परत आली नाही, पण कुणीतरी आपल्याकडं बघतंय एवढं मला कळलं. तेवढ्यावर मी शाळेत टिकले.

ताई, बाईंना हे आठ दिवस आधी कळलं असतं तर? आम्ही घरून कुणी सांगितलंच नव्हतं. आजही आपण सांगत नाही. घरात भांडण झालं, दारू आली, कुणी वारलं, तर आपल्याला लाज वाटते. बाईंकडं दोन-दोन वर्ग असतात, वर कागदपत्रं. प्रत्येक लेकराच्या मनातलं त्यांना कसं दिसणार? सगळं सांगू नका. "बाई, घरी असं झालंय, जरा लक्ष ठेवा," एवढं एक वाक्य पुरतं.

आणि आपणही बघायचं. शाळेच्या वेळेलाच रोज पोट दुखतं का? खेळणं बंद झालं का? झोप, जेवण बदललं का? असं दोन आठवडे चाललं तर बाईंना भेटा, दवाखान्यात दाखवा. लेकरू "मला जगायचंच नाही" म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर रात्रीसुद्धा फोन लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे.

आणखी एक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. म्हणजे आपणच! तिथं नुसती सही करून येऊ नका. विचारा: लेकरू गप्प झालं तर शाळेत त्याच्याशी कोण बोलतं? अपमान होत असेल तर तेही मांडा. आणि बाई चांगलं करत असतील तर चारचौघांत तसं म्हणा. त्यांनाही बळ लागतं.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटातून एक ताई शाळेत जाऊन, बाईंशी बोलून आलेली असावी. हजेरीनंतर पहिला विषय तोच घेऊ.