राखेचं सिमेंट: भेसळ की कवच?

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल तर आधी आत या, मग ऐका. आजचा विषय आहे राख. हो, चुलीतली असते तशीच.

त्याचं झालं असं. मी राहतो भाईंदरला. आमची बिल्डिंग तिशी ओलांडलेली. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, तसं ते झालं आणि पुनर्विकासाचं ठरलं. खरं सांगायचं तर आमच्या घरात अहवालाची गरजच नव्हती. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या छताचा मोठा पोपडा कोसळला. आई रोज जिथे पोळ्या लाटते, बरोबर तिथेच. त्या दिवशी ती गावाला होती, म्हणून निभावलं. वर पाहिलं तर गंजून फुगलेली सळई.

मी सिव्हिल इंजिनिअर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, "नव्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला राख असेल ना?" झालं! तळमजल्यावरचे काका उसळलेच, "राख? ही तर भेसळ! एवढे पैसे मोजून राखेचं घर घ्यायचं का?"

काकांचा राग मला कळतो. पण आधी बघू, आपल्याकडे सळया का गंजतात. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये मिठागरं. हवेतच मीठ आहे. काँक्रीट दिसायला दगडासारखं, पण त्यात बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांतून ओल आणि क्लोराईड आत झिरपतं. सळई गंजते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग तो काँक्रीट आतून फोडतो.

आता राखेकडे येऊ. आजीची राखुंडी आठवते? तुसाच्या राखेने पितळेची भांडी लख्ख का निघायची? कारण भाताच्या तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत थोडा चुनाही सुटतो. हा चुना ताकद फारशी देत नाही. राखेतली सिलिका त्यातल्या काही चुन्याशी जुळते आणि आणखी चिकट पदार्थ बनवते. छिद्रं बारीक होतात, मिठाची वाट अडते. सिमेंटच्या जागी १० ते १५ टक्के राख घातली तर हे छान जमतं. बर्कलेचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकापासून या राखेवर मोठं काम केलं.

शिवाय तूस आपल्याच शेतातलं. वाड्याचा कोलम घ्या, नाहीतर भंडारा-गोंदियाचा तांदूळ. एक टन भाताला साधारण २०० किलो तूस निघतं, ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख. उलट सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांना भाजावी लागते. जगातल्या कार्बन डायऑक्साईडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो.

पण थांबा! लगेच गिरणीमागची राख गोणीत भरून साइटवर नेऊ नका. तूस कसं जाळलं, यावर सगळं आहे. साधारण ७०० अंशांच्या आत, नीट ताबा ठेवून जाळलं, तरच सिलिका कामाची राहते. आच फार वाढली तर ती स्फटिक बनते आणि आळशी होते. अर्धवट जळाली तर राख काळी, कोळसा भरलेली. वर ही राख पाणीही जास्त पिते. आपल्या आयएस ४५६ मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत या राखेला परवानगी आहे, पण ताकीदही आहे: प्रत्येक ठिकाणची राख तपासा, नाहीतर ती गाळाइतकी घातक ठरू शकते.

म्हणजे काका अर्धे बरोबर होते. न तपासलेली राख ही भेसळच. तपासलेली राख मात्र कवच.

मग मी काकांना त्यांच्या गावच्या घरासाठी आणलेल्या सिमेंटच्या गोणीचा फोटो दाखवायला सांगितलं. गोणीवर पीपीसी लिहिलेलं. म्हटलं, "काका, यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख आधीच आहे." काका आधी गप्प, मग हसले. म्हणाले, "मग विचारायचं काय, ते तरी सांग."

तेव्हा आम्ही इतिवृत्तात तीन प्रश्न लिहून घेतले. राख कुठली आणि किती? तिचा तपासणी अहवाल कुठे आहे? तयार काँक्रीटमधून क्लोराईड किती झिरपतं, याची चाचणी करणार का? राख तुसाचीच हवी असा हट्ट नाही. उत्तरं कागदावर हवीत, एवढंच.

तुमच्याही सोसायटीत पुनर्विकासाची मीटिंग असेल, तर हे तीन प्रश्न नक्की विचारा. बिल्डर कंटाळला तरी चालेल. नव्या घरातही त्या ओट्यापाशी आपलीच आई उभी राहणार आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!